दोन पावलं चढाकडे

कानसेनला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी पाणीखात्यात एकतीस वर्षं सगळे त्याला कानसेनच म्हणत आले, कारण तो रस्त्याला कान लावून जमिनीखालची गळती शोधायचा. काम ऐकायला सोपं वाटतं. छातीएवढी उंच लोखंडी सळई, तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. सळई रस्त्यावर टेकवायची, वाटीला कान लावायचा, श्वास रोखायचा आणि खाली फुटलेल्या पाइपातून पाणी कुठे फुसफुसतंय ते ऐकायचं. करून बघा एकदा. तुम्हाला फक्त स्वतःच्या छातीची धडधड ऐकू येईल, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या शिव्या.

बायको होती तोवर म्हणायची, "रस्त्याखालचं सगळं ऐकू येतं यांना, घरात मारलेली हाक तेवढी ऐकू येत नाही." खरंच ऐकू यायची नाही.

रहदारी सुरू व्हायच्या आत, पहाटे पहाटे तो सळई घेऊन निघायचा. गळती सापडली की खिशातला खडू काढून रस्त्यावर फुली मारायची. मागून मुकादम आणि त्याचे चार खोदणारे पहारी-फावडी घेऊन यायचे, फुलीवर खड्डा घ्यायचे, पाइप दुरुस्त करून खड्डा बुजवायचे. दुपारी कानसेन वहीत नोंद करायचा, कुठली गल्ली, कुठल्या घराच्या कोपऱ्यापासून फुली किती फुटांवर. अक्षर मोत्यासारखं. एकतीस वर्षांत अशा चोवीस वह्या झाल्या. साहेब बदलले, खात्याच्या गाड्या बदलल्या, वह्या तेवढ्या कपाटात नीट राहिल्या.

आता यातली गोम सांगतो, जी त्या चोवीस वह्यांत कुठेही सापडायची नाही. कानसेनची फुली कधीच बरोबर गळतीवर नसायची. ती असायची गळतीपासून मोजून दोन पावलं चढाकडे.

याला कारण होतं. कानसेनला हे काम शिकवलं ते खात्यातल्या एका म्हाताऱ्याने. कानसेन नोकरीला लागून दोन महिने झाले असतील. म्हाताऱ्याने एका उतरत्या गल्लीत गळती ऐकली, बरोबर तिच्यावर फुली मारली, आणि खोदणाऱ्यांना जागा दाखवायला त्याच फुलीवर जाऊन उभा राहिला. गळती जुनी होती. पाण्याने खालची माती कधीच धुऊन नेली होती आणि वर नुसता डांबराचा पापुद्रा उरला होता. म्हातारा म्हणाला, "हे बघा, इथे..." आणि दिसेनासा झाला. समोर माणूस उभा होता तिथे भोक. कानसेन हातात खडूचा डबा धरून तसाच उभा राहिला, त्याला ओरडायलाही सुचलं नाही. म्हाताऱ्याला बाहेर काढलं तेव्हा तो जिवंत होता, पण पुढची अकरा वर्षं तो खाटेवरून उठला नाही.

तेव्हा मुकादमही मुकादम नव्हता, साधा खोदणारा होता. त्या दिवशी दोघांनी आपसात ठरवलं. पाणी माती धुतं ती उताराकडे, चढाकडची जमीन टणक राहते. म्हणून फुली मारायची दोन पावलं चढाकडे. खोदणाऱ्यांनी टणक जमिनीवर उभं राहून तिथे खड्डा घ्यायचा आणि आतून हळूहळू गळतीकडे सरकायचं. फुलीच्या खालच्या अंगाला कुणी पाय ठेवायचा नाही. कुणी कागदावर लिहिलं नाही, कुठल्या साहेबाला विचारलं नाही. नवीन खोदणारा आला की मुकादम त्याच्या पाठीत एक धपाटा घालून सांगायचा, "दोन पावलं. विसरलास तर तुझं तू बघ." त्यानंतर एकही माणूस खाली गेला नाही.

मग शहर हुशार व्हायला निघालं. चौकाचौकात तशा पाट्या लागल्या. कानसेन म्हणाला, "शहराचं नंतर बघू, आधी साहेब होऊ देत." पण थट्टा फार दिवस टिकली नाही. बघता बघता दिव्याच्या खांबांना धूर हुंगता यायला लागला, पुलाला स्वतःचे तडे कळायला लागले, कचऱ्याचा डबा भरला की डबाच गाडीला बोलावून घ्यायला लागला. आणि एके दिवशी खात्यात एक तरुण इंजिनियरबाई आली, तिने कानसेनला हात पुढे करायला सांगितला आणि त्याच्या तळव्यावर काहीतरी ठेवलं.

"काय आहे? मला तर काही दिसत नाही."

"चष्मा लावा, काका."

चष्मा लावला तेव्हा दिसलं. तिळाएवढा काळा दाणा.

"हा सेन्सर. तुमच्यासारखाच ऐकतो," ती म्हणाली. "याच्या आत कार्बनच्या नळ्या आहेत. एक केस उभा चिरून त्याचे पन्नास हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नळी. नॅनो म्हणतात ते हेच. पाइप जराही थरथरला की त्या थरथरतात. वीज लागत नाही, वाहत्या पाण्यातून घेतात. शहरभर पाइपांमध्ये असे दोन लाख दाणे बसवतोय आम्ही."

कानसेनने तोंडात बोटं घालायचीच बाकी ठेवली होती. दोन लाख! तो एकटा, त्याला दोन कान, त्यातला डावा हल्ली जरा मंदच. आणि हे दोन लाख कान, ना चहा मागणार, ना रजा, ना ट्रकवाल्याच्या शिव्या खाणार. श्वास सोडला तर उडून जाईल म्हणून त्याने तो दाणा तिला घाईघाईने परत दिला. त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच घरी आला.

घरी लेक होती. ही त्याची एकुलती एक, तिशीची, आणि खोदायचं मशीन चालवायची. हो, तेच, लांब हाताचं नि पुढे बादली असलेलं. इमारतींचे पाये खणायची. सुरुवातीला लोक बघत उभे राहायचे, मग सवय झाली. बापाला मात्र तिचा असा काही अभिमान होता की विचारू नका. "मी ऐकतो, ती खणते," तो येताजाता सांगायचा. "आमच्या घराण्यात जमिनीच्या वरचं कुणाला काही कळत नाही."

"बाबा, डबा का नाही खाल्ला?" तिने विचारलं.

"दोन लाख आहेत गं," एवढंच तो म्हणाला.

निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते तेव्हाची गोष्ट. बैठकीत मोठे साहेब म्हणाले की यापुढे ऐकणाऱ्या माणसाची जागा भरायची नाही, आणि कानसेनची सळई कार्यालयाच्या दारात काचेच्या पेटीत ठेवायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कानसेननेही वाजवल्या, आता काय करणार! पण आतून जळफळाट झाला. आपण जिवंत असताना आपली सळई पेटीत? त्याला ते जिव्हारी लागलं.

त्याच संध्याकाळी इंजिनियरबाई लॅपटॉप घेऊन घरी आली. लेकीने चहा टाकला. बाई खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "काका, तुमच्या चोवीस वह्या आम्ही कॉम्प्युटरला शिकवल्या. दाणे काय ऐकतात आणि तुम्ही फुली कुठे मारता, हे ताडून बघितलं. साठ ठिकाणी बघितलं. एक विचित्र गोष्ट दिसते. साठच्या साठ ठिकाणी दाणे तुमच्या फुलीपासून चारपाच फूट उताराकडे गळती दाखवतात. आमचे साहेब म्हणतात, दाणे बसवताना काहीतरी चुकलंय. मला वाटलं आधी तुम्हाला विचारावं. बरोबर कोण? दाणे की तुम्ही?"

चारपाच फूट. म्हणजे दोन पावलं! एकतीस वर्षांत एका साहेबाला जे कळलं नाही, ते तिळाएवढ्या दाण्याने दोन महिन्यांत पकडलं. माणूस पकडला गेला की जसा कानकोंडा होतो तसा तो झाला. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. जिभेवर आलंही होतं.

पण मग त्याला ती काचेची पेटी आठवली, त्या टाळ्या आठवल्या. मनात आलं, थांबा, जिरवतोच तुमची. दोन दिवस यंत्राच्या सांगण्यावरून कोरडे खड्डे खणाल, चार साहेब तोंडावर पडतील, मग याल धावत, कानसेन, सळई घ्या हो, म्हणत.

"मी," तो म्हणाला. "एक बोट इकडे की तिकडे नाही."

लेक चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती बाईकडे बघून हसली, जणू काही म्हणत होती, बघा, असा आहे आमचा बाबा.

"मग झालं," बाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. "दाण्यांनाच तेवढं चढाकडे सरकवते. तुमच्याशी जुळवून घेते."

कानसेन निवृत्त झाला. घरी बसून वाट बघू लागला. रस्त्यांवर आता खडूच्या फुलीऐवजी निळ्या रंगाचे गोल दिसायला लागले. यंत्र जागा सांगायचं, एक माणूस फोनमध्ये बघून रंगाचा फवारा मारायचा. आठवडा गेला, महिना गेला, तीन महिने गेले. कोरडा खड्डा नाही की तक्रार नाही. उलट पेपरात आलं की नव्या यंत्रणेने शेकडो गळत्या अचूक पकडल्या. कानसेन चक्रावला. चुकीचं शिकवून बरोबर उत्तर येतं कसं? हा काय चमत्कार!

शेवटी चहाच्या टपरीवर मुकादम भेटला आणि कोडं सुटलं.

"वा रे पठ्ठ्या," मुकादमाने त्याच्या मांडीवर थाप मारली. "यंत्रालाही शिकवलंस की! तेही दोन पावलं राखूनच गोल मारतं. आम्हाला काही फरकच नाही. गोलावर खड्डा घ्यायचा, आतून उताराकडे सरकायचं, पाइप हातात. तुझी फुली काय नि त्याचा गोल काय."

त्याला वाटलं होतं यंत्र तोंडघशी पडेल. इथे खोदणारे त्याची चूक रोज न बोलता सावरून घेत होते, त्यांना ती चूक आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि वर साहेबांना कळायला मार्ग नव्हता. तिथल्या तिथे उठून खात्यात जायला हवं होतं. पण काय सांगणार? की मी खोटं बोललो? आदल्याच आठवड्यात त्याचा फोटो दारात लागला होता, सळईच्या पेटीच्या वर, खाली लिहिलं होतं, 'आमच्या यंत्रणेचे कान'. लेकीने त्या फोटोसमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढला होता. कानसेन मूग गिळून बसला. सगळं सुरळीत चाललंय, कशाला उगाच, असं म्हणाला. माणसाला गप्प बसायला कारण सापडतंच.

पुढच्या महिन्यात लेकीने मशीनवर पाणीखात्याचं काम घेतलं. तिला कोण आनंद झाला. "आता खरंच तुम्ही ऐकणार नि मी खणणार, बाबा," ती म्हणाली. त्याला वाटलं, कुठेतरी मोठे पाइप टाकायचं काम असेल. त्याने विचारलं नाही. त्याला छान वाटत होतं, तेवढंच.

त्या दिवशी ती सकाळी लवकर गेली. साडेनऊला मुकादम दारात येऊन उभा राहिला, तोंड पाडून.

"काय रे, आज कामावर नाहीस?"

"कसलं काम? टोळी बंद. आम्हाला गोदामात पाना-पकडी मोजायला बसवलंय. आजपासून गळतीचं सगळं खोदकाम मशीनने. तुला पोरीने सांगितलं नाही? पहिला गोल तिचाच, बेकरीच्या उतारावरचा."

कानसेन दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच राहिला.

"दोन पावलं..." तो म्हणाला.

"सांगितलं मी तिला निघताना. हसली. म्हातारे कामावरून गेले म्हणून खोड काढतात असं वाटलं असेल. अरे, पण असा पांढराफटक का पडलास? यंत्र तर तुझंच..."

मुकादमाचं वाक्य ऐकायला तो थांबलाच नाही. फोन लावला. वाजत राहिला. मशीनच्या त्या घरघरीत तिला फोन कधीच ऐकू यायचा नाही, हे त्यालाच तर माहीत होतं. तो चपला न घालता पळाला. साठीचा माणूस, गालाला साबण, भर रस्त्यातून अनवाणी. लोक बाजूला होऊन बघत राहिले. त्याच्या डोक्यात एकच हिशेब घुमत होता. मशीन कधी गोलावर उभं राहत नाही, गोलाच्या मागे दोनतीन पावलं उभं राहतं आणि हात लांबवून खणतं. बेकरीच्या उतारावर गोलाच्या वरच्या अंगाला विजेचा खांब आहे. म्हणजे मशीन खालच्या अंगाला. म्हणजे बरोबर गळतीवर. बरोबर पोकळीवर, सात टन वजन घेऊन.

गोल जिथे असायला हवा होता तिथे असता, तर ती त्याच्यापासून लांब राहिली असती. दाण्यांनी सांगितलं होतं, इथे आहे. त्यानेच म्हटलं होतं, नाही, तिथे.

वळण घेतलं तसं पिवळं मशीन दिसलं. खांब वर, गोल मध्ये, मशीन खाली. देवा रे! त्याने दोन्ही हात वर करून ओरडायला सुरुवात केली, "मागे घे! पोरी, मागे घे! उतर खाली!" घसा फाटला तरी इंजिनापुढे आवाज कुठला पोचतोय.

केबिनच्या काचेतून तिने त्याला बघितलं. बाबा बघायला आलेत, आपलं पहिलं खोदकाम बघायला. तिचा चेहरा उजळला. तिने लिव्हरवरचा एक हात काढला आणि त्याला हात केला.

आणि मागचं उजवं चाक रस्त्यात शिरलं.

मोठा आवाज झालाच नाही, नुसता एक दबका हुंकार आला, आणि रस्ता कागदासारखा मधोमध दुमडला. मशीन मागच्या मागे बसलं, मग कलंडलं, मग खाली गेलं. वर राहिला फक्त तो लांब हात, बादलीसकट, आभाळाकडे. भोकातून गढूळ पाणी उसळून उतारावरून वाहायला लागलं. बेकरीवाला ओरडत आला, आणखी माणसं आली. कानसेन होता तिथेच उभा. एकतीस वर्षांपूर्वी जसा उभा राहिला होता, अगदी तसाच. या वेळी हातात खडूचा डबा नव्हता, एवढाच फरक.

दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतः त्यात पडतो म्हणतात. साफ खोटं. तो स्वतः पडला असता तर त्याने आनंदाने उडी मारली असती.

तिला बाहेर काढायला पाऊण तास लागला. जिवंत होती. शुद्धीवर होती. उजवा पाय केबिनच्या दारात चेमटला होता. डॉक्टर म्हणाले, तीन ठिकाणी मोडलाय, चालेल, पण कधी ते विचारू नका. मशीनचं पेडल दाबायला? डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिनियरबाई रुग्णालयात आली. डोळे सुजलेले, हातात एक कागद.

"ताई, मला माफ करा," ती लेकीच्या खाटेशी उभी राहून म्हणाली. "मी लिहून दिलंय. चूक माझी. दाण्यांचं गणित मी बसवलं होतं, कुठे चुकलं ते मला अजून सापडत नाहीये. रात्रभर बघितलं. परवा चौकशी आहे, बहुतेक मला काढतील. काढू देत. पण साहेब म्हणतात, एका अपघाताने काम थांबवता येणार नाही. उद्या सकाळी सातला दोन मशीन निघतायत. बावीस गोल मारून तयार आहेत."

"तुम्ही का रडता?" लेक म्हणाली. तिचा आवाज औषधांनी जड झाला होता. "यंत्र आहे, चुकणारच. बाबांचा कान वेगळा नि यंत्राचा वेगळा. बाबा स्वतः आले असते ना, तर असं झालंच नसतं. हो ना, बाबा?"

कानसेन खिडकीशी उभा होता. कुणालाच काही माहीत नव्हतं. कागद लिहून झाला होता, सही झाली होती, दोष परक्या पोरीने आपण होऊन डोक्यावर घेतला होता. तो गप्प राहिला असता तर जन्मभर कुणाला कळलं नसतं. मुकादम तरी काय बोलणार, त्याला वाटत होतं यंत्र शिकवलेलंच आहे. आणि लेक अजूनही त्याच्याकडे त्याच नजरेने बघत होती, केबिनच्या काचेतून बघितलं होतं तशी. ती नजर त्याला सोसेना.

बावीस गोल. बावीस खड्डे, दोन मशीन. प्रत्येक केबिनमध्ये कुणाची तरी पोर, कुणाचा तरी पोरगा.

"बाळ, तो कागद फाड," तो बाईला म्हणाला. पहिल्यांदाच तो तिला मॅडम म्हणाला नाही. "तू घरी आली होतीस आठवतं? विचारलं होतंस, बरोबर कोण. मी खोटं बोललो."

"म्हणजे?"

"माझी फुली कधीच गळतीवर नसायची. दोन पावलं चढाकडे असायची. खोदणारे पोकळ जमिनीवर उभे राहू नयेत म्हणून. सगळ्या खोदणाऱ्यांना माहीत होतं. तुलाच तेवढं सांगितलं नाही. वाटलं, तुमचं यंत्र तोंडावर पडावं."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे दाणे... दाणे बरोबर होते?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी साठ ठिकाणी बघितलं होतं, काका. साठच्या साठ ठिकाणी ते ओरडून सांगत होते, इथे आहे, इथे आहे. आणि मी त्यांना गप्प केलं." ती खाटेच्या लोखंडी पट्टीवर टेकली. "तुम्ही म्हणालात म्हणून."

बाई ताडकन उठली, फोन काढून बाहेर पळाली. व्हरांड्यातून तिचा आवाज येत राहिला. "नाही साहेब, एकही मशीन हलवायचं नाही. आधी ऐका माझं. गोलावर नाही, गोलाच्या खाली..."

खोलीत दोघंच राहिले. लेक छताकडे बघत होती. कानसेनला वाटलं ओरडेल, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मुकादमकाका म्हणाले होते मला," ती म्हणाली. "निघताना. म्हणाले, पोरी, गोलाच्या खाली दोन पावलं जमीन पोकळ असते, मशीन तिथे नेऊ नकोस. मी हसले, बाबा. मी त्यांना म्हटलं, काका, त्या दिवशी चहा मीच आणला होता. माझ्यासमोर बाबांनी सांगितलंय, एक बोट इकडे की तिकडे नाही. तुम्ही म्हणता म्हणून मी बाबांना खोटं पाडू का?"

त्याने तिच्या हातावर हात ठेवायला हात पुढे केला. तो हात मध्येच थांबला.

"आठ-दहा पावलं मागे न्यायला कितीसा वेळ लागला असता मला?" ती म्हणाली. "निर्धास्त उभी राहिले मी तिथे. माझ्या बाबांनी ऐकलेली जागा होती ती."

कानसेन रडला. एवढ्या वर्षांत बायको गेली तेव्हा रडला होता, त्यानंतर आज. तिने ते बघितलं, पण तिचा हात चादरीवरून हलला नाही.

बाहेरून बाईने दारात डोकं घातलं. "काका, साहेब थांबायला तयार आहेत, पण फक्त उद्या दुपारपर्यंत. दाण्यांचं गणित मी आत्ता बदलते. पण रस्त्यावरचे बावीस गोल त्याच्या आत हातानेच हलवावे लागतील. कुठल्या गल्लीत कुठला उतार, ते तुम्हालाच माहीत. येता का?"

त्याने लेकीकडे बघितलं.

"जा," ती म्हणाली. "खडू आहे ना खिशात?"

खडू होता. निवृत्तीनंतरही तो रोज खिशात ठेवायचा, सवय म्हणून. तो उठला, डोळे पुसले, चपला शोधल्या. दारातून वळून त्याने तिला हात केला.

तिने तोंड भिंतीकडे केलं होतं.